नवव्या नंबरावरचं काम

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको सोप्यात मेथी निवडत बसलो होतो. मधे वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर दोन जुड्या. ती पानं खुडत होती. मी नुसती मुळं तोडून ढीग करत होतो, आणि मी केलेलं तिला पुन्हा करावं लागत होतं.

"अवं, साचं घालायचं हात तुमचं. मेथीला लावू नगासा," ती म्हणाली. हे ती चाळीस वर्षं म्हणत होती आणि मी चाळीस वर्षं हात लावत होतो.

फोन मधेच ठेवला होता, स्पीकर लावून, माझ्या उजव्या हाताला. डावा कान फौंड्रीनं खाल्ला. पोरगी बंगळूरहून बोलत होती. एकच पोरगी आम्हाला. कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण घेतलं, आणि आता विचार करणारी यंत्रं बनतात ना, ती बनवायच्या कामात नाही, ती आपल्याला संपवणार नाहीत हे बघायच्या कामात आहे. गल्लीत कुणी विचारलं तर मी सांगतो, कॉम्प्युटरात हाय. बाकीचं सांगत बसलो तर लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा मीही हसलो होतो. म्हटलं, "पिन काढायची की. हाय काय त्यात?"

ती म्हणाली, "आबा, भट्टी तापलीय, बाहेर ऑर्डरीचे ट्रक उभे आहेत, आणि तुम्ही मालकाला म्हणालात, बंद करा, मला भीती वाटतीय. केली असती त्यानं?"

"शिव्या दिल्या असत्या."

"मग पिन कोण काढणार?"

तेव्हापासून हसलो नाही.

त्या संध्याकाळी तिचं वेगळंच चाललं होतं. तिच्या गटात माणसं थोडी. पुढं कामं सहा, आणि हात फक्त दोन कामांपुरते. कुठली दोन आधी, याची यादी तिला करून पाठवायची होती. वरची दोन घेतली जाणार, खालची चार वर्ष-दोन वर्षं पडून राहणार. "आणि यंत्रं वर्षभर थांबत नाहीत, आई," ती म्हणाली. "दर काही महिन्यांनी नवं येतंय, आधीच्यापेक्षा शहाणं."

"सांग तरी कुठली सहा," ही म्हणाली. मेथी खुडता खुडता.

पोरीनं आमच्या भाषेत सांगितलं. एक, खोटे आवाज, खोटे व्हिडिओ, खोट्या बातम्या. दोन, वाईट माणसाच्या हाती हे यंत्र पडलं आणि त्यानं रोगाचे जंतू बनवायला त्याची मदत घेतली तर, ते अडवायचं. तीन, यंत्राला प्रश्न विचारून विचारून त्याची परीक्षा घ्यायची. चार, यंत्राच्या आत काय चाललंय ते बघता येईल अशी रीत शोधायची. पाच, ते हाताबाहेर जायला लागलं तर थांबवता येईल, ते थांबू देईल, असं करायचं. आणि सहा, देशादेशांत जी पळापळ लागलीय ती थोडी हळू व्हावी म्हणून करार कसे करायचे ते बघायचं.

"मग ठरवतासा कसं?"

"तीन गोष्टी बघतात. धोका किती मोठा. आमच्या हातानं काही हलणार का. आणि तिथं आधीच दुसरे किती जण राबतायत."

हिनं एक काडी मोडली. मग म्हणाली, "ह्यातलं उद्या करू म्हटलं तर करता येनार न्हाई, असं कुठलं?"

फोनमधनं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आई, थांब. हे लिहून घेते."

"लिही. मला काय कळतंय त्यातलं. लग्नघरात आसंच बघत्यात. साडी दुसऱ्या दिवशीबी मिळती, मुहूर्त मिळत न्हाई."

फोन ठेवला. हिनं पाटीत भाजी भरली, उठली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेली, आणि म्हणाली, "जरा टेकतो मी." आमच्याकडं बायका येतो, जातो असंच म्हणतात, पुण्याची माणसं हसतात त्याला. टेकली ती टेकलीच. मी कागद गोळा करत होतो. आत आलो तर भाजीची पाटी मांडीवर तशीच, पान सांडलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, हृदय होतं. बरेच महिने थकलेलं असणार. "दम लागत नव्हता का यांना?"

मी म्हणालो, "न्हाई. गुडघा दुखायचा."

असं ठणकावून सांगितलं, जसं काही मला माहीतच होतं.

दोन दिवस आधी मी गेटला हिरवा रंग दिला होता. तो पुरता वाळला नव्हता. भेटायला आलेल्यांच्या पांढऱ्या कपड्यांना, हातांना रंग लागला. स्मशानात शेणी रचल्या तेव्हा माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या मेव्हण्याचा तळहात हिरवा होता. तेवढंच माझ्या ध्यानात राहिलंय. बाकी त्या दिवसाचं मला कुणी काही विचारू नये.

आता आमच्या घरातला एक नियम सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी सातवी नापास. फौंड्रीत मोल्डर म्हणून लागलो, वाळूचे साचे घालायचे, त्यात लोखंड ओतायचं. तिथं ऑर्डरीची वही असायची. आलेल्या नंबरानं काम. कुणी कितीही ओळखीचा असो, मधे घुसायचं नाही. ह्या नियमावर मी लई खूष होतो, कारण मी गरिबाचा होतो आणि माझं काम नेहमी मागं ढकललं गेलेलं बघितलं होतं. तोच नियम मी घरी आणला. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून खिळ्याला लावायचं, त्यावर घरातली कामं. नवं काम आलं की खाली लिहायचं. वरनं खाली करत यायचं. तोंडी सांगितलेलं काम धरायचं नाही, पानावर पाहिजे. ही सुरुवातीला म्हणायची, "ह्यो काय तुमचा कारखाना हाय व्हय?" पण मग तिनंही घेतला तो नियम. माणूस चाळीस वर्षांत काय काय घेतो.

ह्या वर्षीच्या पानावर पहिलं टाकीचा कॉक. दुसरं गेटचा रंग. तिसरं गुडघा. कॉक झाला. रंगाचं मधे पावसानं राहिलं म्हणून गुडघा धरला. गुडघ्याला दोन-तीन महिने लागले, कारण तपासण्या, गोळ्या, पट्टा, पुन्हा तपासण्या. मी दर खेपेला बरोबर जायचो. गुडघ्याच्या डॉक्टरनं एकदा तिला विचारलं, "आणखी काही त्रास?" ती तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "न्हाई न्हाई, गुडघाच." ती माझ्याकडं बघून "हं" म्हणाली. डॉक्टरनं लिहून घेतलं.

आणि त्याच्या आधी, जोतिबाला गेलो होतो. पायऱ्यांवर ती मधेच बसली. मी पुढं गेलो होतो, दहा-बारा पायऱ्या. ती माझ्या डाव्या अंगाला होती, ह्या कानाला काही येत नाही. वळून बघितलं तर तिनं पदर तोंडाला धरलेला. मी वरनं ओरडलो, "गुडघा का गं?"

ती म्हणाली, "व्हय. गुडघाच."

उत्तर मीच प्रश्नात घालून दिलं होतं. तिनं तेवढं परत दिलं.

बारावं झालं. पाहुणे गेले. पोरगी राहिली. तिच्या यादीला तिकडच्यांनी सवड दिली होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला संपणार होती. त्याच्या आत पाठवली नाही तर तिच्या गैरहजेरीत कुणीतरी लावलेलीच धरली जाणार. दुपारी ती सोप्यात बसून गटातल्या कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मी उजवा कान तिकडं करून बसलो. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. पलीकडचा म्हणत होता, वर्षभरात दाखवता येईल असं वर घाल. खोटे व्हिडिओ वर घाल, लोकांना ते दिसतात, देणाऱ्यांनाही दिसतात. आणि यंत्राच्या परीक्षा वर घाल, त्याचे मार्क मोजता येतात. आत बघायचं काम खाली जाऊ दे, त्यात वर्ष घालवून हातात शून्य येऊ शकतं.

"बरोबर आहे त्याचं," फोन ठेवून ती मला म्हणाली. डोळे सुजलेले. "शून्य येऊ शकतं, आबा. मला भांडायला आता बळ नाही."

मी स्वयंपाकघरात गेलो. महिना बदलला होता, कॅलेंडर तसंच होतं. ते उलटायला गेलो तर शेजारच्या खिळ्यावरचं कामांचं पान खाली पडलं. उचललं. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खालपर्यंत वाचलं.

चौथं मिक्सर. पाचवं माळ्यावरची पेटी. सहावं, सातवं असंच काहीबाही. आठवं पोरीला चटणी पाठवणे.

नववं तिच्या बारीक अक्षरात, कडेला दाबून: दम लागतो, विचारणे.

पेनची शाई आठव्यापेक्षा वेगळी होती. निळी. त्या निळ्या पेननं तिनं जोतिबाहून आल्यावर दुधाचं लिहिलेलं कॅलेंडरच्या मागच्या एका पानावर होतं. म्हणजे पायऱ्या उतरून आली, माझा नियम पाळला, आणि नंबर यायची वाट बघत बसली.

मी पान घेऊन सोप्यात आलो आणि पोरीपुढं ठेवलं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

"मी तिसऱ्यावर होतो."

"आबा!"

"मी तिसऱ्यावर होतो," मी परत म्हणालो.

ती पानावर हात ठेवून बसली. मी तिला जोतिबाचं सांगितलं. डॉक्टरचं सांगितलं, मीच मधे बोललो ते. तोडून-मोडून, पण सगळं. लपवलं नाही. तिनं मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. दिल्या नाहीत. मग मला म्हणाली, आणि आवाज अगदी खाली गेला होता, "यंत्राच्या परीक्षेत हेच होतंय आम्हाला. आम्ही विचारतो, तू असं वाईट करशील का? ते म्हणतं, नाही. पण कधी कधी त्याला कळलेलं असतं की ही परीक्षा आहे. मग ते आम्हाला पाहिजे ते उत्तर देतं. आम्ही मार्क लिहून घेतो."

"तिनं मुद्दाम नव्हतं फसवलं मला."

"ते मुद्दाम करतं का, तेही आम्हाला माहीत नाही. बाहेरनं दोन्ही सारखंच दिसतं."

माझ्या अंगावर काटा आला, तो यंत्रामुळं की हिच्यामुळं, सांगता येत नाही.

मग मी तिला लॅडलची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. लॅडल म्हणजे तापलेलं लोखंड वाहून न्यायचं भांडं. त्याला आतनं मातीचं अस्तर असतं. अस्तर नवीन केलं की ते आधी जाळ लावून खडखडीत वाळवायचं. आत ओल राहिली आणि वर लोखंड पडलं, की त्या ओलीची एका क्षणात वाफ होते आणि लोखंड कारंज्यासारखं वर उडतं. माणसाला पळायला जागा राहत नाही. आमच्याकडं एकदा घाई होती. अस्तर बाहेरनं वाळलेलं दिसत होतं. वाजवून बघितलं, चांगलं वाजलं. मालक म्हणाला, ओता. जो ओतायला उभा होता तो माझ्याच वयाचा होता. तो नंतर अकरा दिवस जगला.

"त्या दिवशीच्या वहीत बघ," मी म्हणालो, "किती साचे, किती वजन, कुणाची ऑर्डर, सगळं लिहिलेलं हुतं. लॅडल वाळवली का, ह्याला वहीत रकानाच न्हवता. ते काम केलं तर काय दिसतंय? काहीच घडत न्हाई. काहीच घडलं न्हाई हे मालकाला दाखवनार कसं?"

"पण आबा, तुम्हाला वाळवायचं कसं ते माहीत होतं. जाळ लावायचा. आम्हाला ओल बघायचीच रीत माहीत नाही. नुसतं भीतीचं काम वर घातलं आणि ते हातानं होणारं नसलं, तर माणसं वाया गेली. जंतूंचं काम तसंच राहिलं. तेही उद्यावर टाकण्यासारखं नाही."

तिचं खरं होतं. मी काही ज्ञानेश्वराचा रेडा नाही, की मी बोललो म्हणजे वेद झाला.

"मला त्यातलं कळत न्हाई," मी म्हणालो. "पण तुझ्या आईनं काय विचारलं हुतं?"

तिनं वही काढली. त्या संध्याकाळी तिनं खरोखरच लिहून घेतलं होतं. आईचा तो उद्याचा प्रश्न, आईच्याच शब्दांत, खाली दोन रेघा.

मग ती कामाला लागली. सहाही कामं पुन्हा कागदावर लिहिली, पण आता प्रत्येकापुढं तिनं एकच लिहिलं: चुकलं तर पुन्हा करायला मिळेल का? खोट्या व्हिडिओंपुढं लिहिलं, नुकसान मोठं, पण सुधारता येतं, आणि तिथं माणसं पुष्कळ आहेत. जंतूंपुढं लिहिलं, नाही. पण तिथं दुसरे लोक लागलेत, त्यांना आपलं एक माणूस द्यावं. करारापुढं लिहिलं, गरजेचं, पण आपल्या गटाचे हात तिथं पोचत नाहीत. परीक्षांपुढं बराच वेळ पेन धरून बसली. मग लिहिलं, आत बघता आल्याशिवाय ह्या मार्कांवर विसंबू नये.

वर राहिली दोन. आत बघणं. आणि थांबवता येणं.

"हे पाठवलं तर खोडतील," ती म्हणाली. "विचारतील, वर्षभरानं काय दाखवणार?"

"काय सांगनार मग?"

"सांगेन, कदाचित काहीच नाही."

"आनि खोडलं तर?"

तिनं माझ्याकडं बघितलं. अगदी आईसारखं बघते ती, हनुवटी खाली घालून. "खोडलं तर खालीच राहील, आबा. आणि यंत्र वाढत राहील. एक दिवस कुणीतरी विचारेल, दम लागत नव्हता का? आणि आमच्यातला कुणीतरी ठणकावून सांगेल, नाही. त्या वेळी विचारायला कुणी शिल्लक असलं तर. हे एकदाच ओतलं जाणार आहे. पुन्हा साचा घालायला मिळणार नाही."

बाहेर शेजारच्यांची म्हैस रेकत होती. कुणीतरी दुधाची किटली घेऊन गेटातनं आलं आणि हात पुसत म्हणालं, काय पावणं, रंग अजून लागतोय की. कुणी हसलं नाही. गेट एवढ्या दिवसांत वाळलं होतं, तो बिचारा उगीच हवापाण्याचं बोलावं तसं बोलला. किटली ठेवून गेला.

आणि मग पोरगी म्हणाली, "तुम्हाला खोकला कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "कुठला खोकला?"

"आत्ता लॅडलचं सांगताना चार वेळा थांबलात."

"वाळूचा हाय तो. समद्या मोल्डरास्नी असतोय."

"पानावर लिहिलाय का?"

लिहिला नव्हता. लिहिला असता तर दहावा आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात वाजता उठून आंघोळ केली. पोरगी सोप्यात यादी शेवटची वाचत बसली होती. मी तिला चहा दिला, तिनं "पाठवते आता" म्हटलं, मी "पाठव" म्हटलं. त्या यादीचं पुढं काय झालं ते हे लिहितोय तोवर कळलेलं नाही. उत्तर यायला वेळ लागतो म्हणे.

खिळ्यावरचं पान मी काढलं नाही. त्याच्यावर दुसरं कोरं पान लावलं. नंबर घातले नाहीत. मधोमध एकच ओळ लिहिली आणि पायात चपला घातल्या.

सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत गेल्यावर तिथल्या माणसानं शर्ट काढायला लावला. गार पत्र्याला छाती चिकटवून उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढं. तो काचेमागं गेला. मला दिसेना. उजव्या बाजूनं आवाज आला म्हणून बरं.

"कधीपासून त्रास आहे?" त्यानं विचारलं. "सर्दीचाच खोकला ना?"

"न्हाई," मी म्हणालो. "तीन वर्षं झाली. दमबी लागतोय."

"बरं. आता श्वास आत घ्या. आणि रोखून धरा."

मी धरला.